वेलाचा रकाना

“शून्य,” मी म्हणालो आणि वहीत शून्य मांडलं.

“मांडा,” कौसल्या आतून म्हणाली.

“अकरावं आहे हे.”

“असू दे की.”

“अकरा वर्षांत एक फूल नाही. एक कळी नाही. बरं, काटे म्हणावेत तर तेही नाहीत. फूल नाही, काटा नाही, मग त्याला गुलाब कशावरून म्हणायचं?”

“माझे हात पिठाचे आहेत. दूध वर आलंय, गॅस बारीक करा जरा.”

मी उठेपर्यंत दूध उतू गेलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. बोलण्यासारखं असलं की ती बहुतेक वेळा बोलायची नाही. हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं गेली.

ही गोष्ट शहाण्णव सालची. साताऱ्यात किल्ल्याच्या उताराला आमचं घर आहे, पंच्याऐंशी साली बांधलेलं. मी पाटबंधारे खात्यात होतो. कालव्यावर रोज सकाळी आठ वाजता जाऊन पाण्याची पातळी बघायची आणि रजिस्टरला लिहायची, हे माझं काम. आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “साबळे, डोळ्यांनी बघाल तेच लिहायचं. अंदाजानं लिहायचं नाही आणि दुसऱ्यानं सांगितलेलं तर मुळीच नाही.” मी एकतीस वर्षं तसंच केलं. पावसात, तापात, बहिणीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा.

घर झालं तेव्हा मागेपुढे थोडी जागा राहिली. तिथं मी गुलाब लावले आणि नोंदीची सवय तिकडेही गेली. गावात आगाशे सरांचं गुलाब मंडळ होतं. सर शेती शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी आम्हाला छाटणी शिकवली. दसरा झाला की कात्री काढायची, झाड गुडघ्याइतकं आणायचं, पंचेचाळीस-पन्नास दिवसांत पहिला बहर. तो ओसरला की फुलं खालच्या पानापासून कापायची, मग सहा-सात आठवड्यांत दुसरा. मी प्रत्येक बहराची तारीख लिहायचो. पहिली कळी कधी उमलली, शेवटची पाकळी कधी गळली.

वहीत पाच रकाने होते. पहिला मोठ्या कलमी गुलाबांचा, एका दांड्यावर एक फूल येतं ते. त्यांचे वर्षाला पाच बहर. दुसरा झुपक्याच्या गुलाबांचा. फुलं लहान पण झाड चलाख, सहा बहर, एका वर्षी तर सात. तिसरा बटण गुलाब, तो जवळजवळ थांबतच नाही. चौथा गावठी, गुलकंदाचा. त्याचा वास सगळ्यांत चांगला, पण बहर दोनच, थंडी संपताना एक भरघोस आणि आषाढात एक जेमतेम. आणि पाचवा रकाना वेलाचा.

हा वेल कौसल्याच्या माहेरचा. तिचे वडील पाचगणीला एका पारशी बंगल्यात माळी होते. आमची वास्तुशांत झाली तेव्हा ते ओल्या फडक्यात गुंडाळून एक काडी घेऊन आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ती मागच्या भिंतीशी, धुण्याच्या दगडाजवळ लावली. “साबणाचं पाणी चालतं याला,” म्हणाले. काडी लागली. पुढच्या पावसाळ्यात भिंतीच्या वर गेली. मी दसऱ्यानंतर सगळ्यांबरोबर तिलाही छाटली. दर वर्षी छाटली. दर वर्षी ती दुप्पट जोरानं वाढली आणि फुलली मात्र नाही.

कौसल्या एकदाच म्हणाली होती, घर झाल्यानंतर तिसऱ्या वर्षी. मी कात्री घेऊन उभा होतो. ती बादली घेऊन आली.

“बाबा म्हणायचे, याला कापायचं नसतं.”

“तुझ्या बाबांनी कुठं कोर्स केलाय?” मी म्हणालो. “आगाशे सर पुण्याला जाऊन व्याख्यानं देतात.”

ती बादली ठेवून आत गेली. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

आता त्या फाल्गुनातलं सांगतो. आगाशे सरांनी मला महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं की पाडव्याच्या आधीच्या रविवारी मंडळाची बैठक तुमच्याकडे घ्यायची, आणि तुम्ही तुमच्या नोंदींवरून एक टिपण वाचायचं. कोणता गुलाब वर्षात किती वेळा फुलतो, अकरा वर्षांचा हिशोब. “असं कुणी केलेलं नाही साबळे,” सर म्हणाले. “लोक नुसती मोठी फुलं दाखवतात. पुन्हा पुन्हा कोण येतं, हे तुम्ही बघितलंत.” मी आठ दिवस जमिनीवर नव्हतो. त्यातच सर म्हणाले, मागचा तो वेल काढा, तिथं मी तुम्हाला पुण्याहून नवीन कलम आणून देतो, लाल, वर्षाला सहा बहर नक्की.

मी घरी येऊन सांगितलं, वेल काढायचा.

कौसल्या तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

“कधी?”

“बैठकीच्या आधी. खड्डा तापवायला हवा ना चार दिवस.”

“पाडवा होऊ दे.”

“बैठक पाडव्याच्या आधी आहे.”

“मग बैठक होऊ दे, पाडवा होऊ दे, मग काढा.” आणि तिनं मान वर केली. “एवढं ऐका माझं. मी दुसरं काही मागत नाही.”

खरंच मागत नव्हती. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती आणि तिनं एक शिलाई मशीन मागितलं होतं, तेही जुनं. मी म्हणालो, ठीक आहे. पाडव्यानंतर.

“शब्द?”

“शब्द.”

दुसऱ्या दिवसापासून ती नेहमीप्रमाणे पापडाला जायला लागली. फाल्गुन आला की कौसल्या दुपारी मालनताई घोरपड्यांकडे जायची. पापड, कुरडया, सांडगे. तीन आठवडे रोज. आमच्या घरात खाणारी माणसं तीन, त्यातली मुलगी कोल्हापूरला शिकायला. एवढे पापड कोण खातं, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “तुम्ही.” ते खरं होतं, म्हणून मी गप्प बसलो.

मालनताईंचं घर म्हणजे आमच्या मागच्या भिंतीच्या पलीकडचं. पण पलीकडे म्हणजे खाली. उतार असा आहे की आमचं अंगण संपतं तिथं त्यांची जमीन नऊ-दहा फूट खोल जाते. त्यांच्या घराला गल्लीही दुसरी. त्यांचे यजमान घोरपडे हवालदार, पोलिसातून निवृत्त. त्यांचं आणि माझं बोलणं बंद होतं, नऊ वर्षं. कारण साधं होतं. धुण्याच्या दगडाजवळ भिंतीला पाणी जायला भोक होतं आणि ते पाणी त्यांच्या परसात पडायचं. हवालदार भांडायला आले, मी नियम दाखवला, त्यांनी आवाज चढवला, मी दार लावून घेतलं. बायकांचं मात्र सुरू राहिलं. बायकांच्या बोलण्याला भिंती नसतात असं मला तेव्हा वाटायचं. भोक असतं, हे माहीत नव्हतं.

गुरुवारी दुपारी आगाशे सर अचानक आले. सायकलच्या कॅरिअरला कलम बांधलेलं.

“साबळे, पुण्याचा माणूस आजच आला. म्हटलं घेऊन यावं. काढलात का वेल?”

“पाडव्यानंतर काढणार आहे सर.”

“पाडव्यानंतर? अहो, ऊन बघा. हे कलम पिशवीत आठ दिवस नाही टिकणार. आणि रविवारी लोक येतील तर काय बघतील? सगळी शिस्तीची झाडं आणि कोपऱ्यात हे जंगल?”

सर सायकलवर बसून गेले. मी कलमाकडे बघितलं, वेलाकडे बघितलं. कौसल्या घरी नव्हती. मी स्वतःला सांगितलं, चार दिवसांनी काय आणि आज काय. शून्य ते शून्य. आणि पहार काढली.

हे मी आज सरळ लिहितो, पण तेव्हा पहार काढताना दाराचा आवाज होऊ नये म्हणून मी ती उचलून नेली होती. म्हणजे मला कळत होतं.

पहिला घाव घातला, माती निघाली. दुसऱ्याला एक मूळ तुटलं, बोटाएवढं. तिसरा घालून पहार दाबली तसा सगळा वेल हादरला. आणि भिंतीच्या पलीकडून, खालून, आवाज आला.

“ए! कोण हलवतंय रं ते?”

मी थांबलो. बोललो नाही. नऊ वर्षांचा नियम होता. चौथा घाव घातला.

“साबळे! ए साबळे! पहार खाली ठेव!”

“कोण आहे?” मी उगाच विचारलं.

“कोण आहे काय इचारतोस? नऊ वर्षं पाणी सोडतोयस आमच्या परसात आणि आवाज वळखत न्हाईस?”

“माझ्या जागेत मी खणतोय. तुमचा काय संबंध?”

“खण की तुझ्या जागंत, विहीर खण! पण माझा चहा खराब केलास त्याचं काय? सगळा कप भरला माझा!”

“कशानं भरला?”

खाली बायकांचं हसणं ऐकू आलं. मग एकदम शांत झालं आणि कौसल्याचा आवाज आला. तिचा आवाज मोठा नव्हता, पण भिंतीतल्या त्या भोकातून असा सरळ आला, जणू ती दगडाजवळच बसली आहे.

“अहो. तुम्ही आत्ता काढताय तो?”

मी पहार मातीतून उपसली.

“पहार ठेवा,” ती म्हणाली. “आणि इकडे या. गल्लीनं या.”

मी निघालो. पहार मात्र हातातच राहिली. आमच्या गल्लीतून खाली पिठाच्या गिरणीपर्यंत, तिथून वळून दत्ताच्या देवळावरून मागच्या गल्लीत. गिरणीवाला म्हणाला, “काय साबळे, कुणावर निघालात?” देवळाच्या पायरीवर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी पाय आत घेतले. घोरपड्यांचं दार उघडंच होतं. मी नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या घरात शिरलो, माजघरातून मागच्या परसात गेलो आणि उभा राहिलो.

मला चांगलं लिहिता येत नाही. जे दिसलं ते सांगतो.

आमच्या अंगणाला खालून आधार देणारी दगडी भिंत त्या बाजूला दहा फूट उंच आहे आणि पंधरा-वीस फूट लांब. ती भिंत दिसत नव्हती. वरून खालपर्यंत फुलं होती. फिक्या पिवळ्या रंगाची, रुपयाच्या नाण्याएवढी, झुपक्याझुपक्यानं. इतकी की पानंही थोडीच दिसत होती. मधमाश्यांचा आवाज येत होता. खाली सतरंजी टाकलेली, त्यावर तीन-चार पोळपाट, आणि पोळपाटांवर, लाट्यांवर, मालनताईंच्या डोक्यावर पाकळ्या. माझ्या पहारीनं पडलेल्या. हवालदार खुर्चीत बसले होते. हातात कप, कपात पाकळ्या.

“बस,” हवालदार म्हणाले. “ती पहार ठेव आधी. माझ्या घरात हत्यार चालत न्हाई.”

मी पहार ठेवली. “हा कुणाचा?” मी विचारलं.

“तुझा न्हाई,” हवालदार म्हणाले. “हिच्या बापाचा.”

कौसल्या बसल्या जागेवरून उठली नाही. लाटणं फिरवत होती, पण पापड एका बाजूला फाटला होता.

“भोकातून घातली होती एक फांदी,” ती म्हणाली. “कोवळी होती तेव्हा. काटे नाहीत, हाताला लागत नाही. वरून कौलं मांडली, दिसू नये म्हणून.”

धुण्याच्या दगडामागे भिंतीला लागून कौलांची एक रांग होती. चिखल उडू नये म्हणून असेल, असं मी धरून चाललो होतो. खरं तर मी काही धरून चाललो नव्हतो. धुण्याच्या दगडामागे मी अकरा वर्षांत एकदाही वाकून बघितलं नव्हतं. कशाला बघणार? माझे कपडे मला घडी घातलेले मिळायचे.

“केव्हा घातलीस?”

“तुम्ही कोर्सचं म्हणालात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

मालनताई मध्येच म्हणाल्या, “आणि त्याच थंडीत हिचे वडील गेले, भाऊ. पुढच्या फाल्गुनात इथं पहिला फुलला. ही इथं बसून रडली. मी म्हटलं, भावजींना बोलाव की. तर नको म्हणाली.”

“का नको?” मी कौसल्याला विचारलं.

तिनं फाटलेला पापड गोळा करून पुन्हा लाटी केली. मग म्हणाली, “याला मागच्या वर्षीच्या फांदीवरच फूल येतं. बाबांनी सांगितलं होतं. तुम्ही दर दसऱ्याला तीच फांदी कापायचात. सांगितलं असतं तर तुम्ही सरांना विचारलं असतं. सरांनी काहीतरी सांगितलं असतं. मग तुम्ही ही पण शिस्तीत घेतली असती. म्हटलं, राहू दे. एवढी एक राहू दे.”

“पण मी दर वर्षी वहीत शून्य लिहीत होतो, तुझ्यासमोर लिहीत होतो.”

“तुम्हाला दिसत होतं ते तुम्ही लिहीत होतात,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

हवालदारांनी कपातल्या पाकळ्या बोटानं काढून टाकल्या आणि चहा प्यायले. “आणि मी म्हणतो, येतो एकदा तर येऊ दे की एकदा! तुझे ते वर्षातनं पाच-पाच वेळा फुलणारे, त्यांच्याकडं कोण बघतं रं? ठाण्यात शिपाई रोज दिसतो, मोठा साहेब वर्षातनं एकदा येतो. सलाम कुणाला मारतो आपण?”

“अहो, गप्प बसा,” मालनताई म्हणाल्या.

“गप्प का बसू? नऊ वर्षं गप्पच बसलोय. ह्या वेलापायीच. न्हाईतर त्या पाण्यावरनं मी ह्याला कोर्टात खेचणार होतो. ही माऊली आली आणि म्हणाली, हवालदार, पाणी येतंय त्याच भोकातनं फुलं पण येतील, जरा दम धरा. धरला.”

त्या दिवशी मी तिथं तासभर बसलो. कुणी उठ म्हणालं नाही. उठताना मी कौसल्याला विचारलं, “किती दिवस राहतो?”

“बावीस. गेल्या साली पंचवीस राहिला होता.”

“आणि दर वर्षी आला? मध्ये चुकला नाही कधी?”

“आठ वर्षं. एकदाही नाही.”

घरी आल्यावर मी खड्डा बुजवला. तुटलेल्या मुळावर राख घातली, वरून दोन बादल्या पाणी. नवीन कलम एका जुन्या डालड्याच्या डब्यात लावलं. संध्याकाळी कौसल्या पापडाचा डबा घेऊन आली. मागे गेली, खड्डा बघितला, परत आली.

“मी शब्द दिला होता,” मी म्हणालो.

“हो.”

“मोडला.”

“अर्धा मोडलात,” ती म्हणाली आणि स्वयंपाकाला लागली.

जेवण झाल्यावर मी अकरा वर्षांच्या वह्या काढल्या. वेलाच्या रकान्यात अकरा शून्यं होती. पहिली तीन खरीच होती, ती तशीच ठेवली. राहिलेल्या आठांना मी एकेक शेपूट काढलं. शून्याला शेपूट काढलं की एक होतो. आठांपैकी सात वर्षांची फुलं मी पाहिलेली नव्हती. एकतीस वर्षांच्या नोकरीत डोळ्यांनी न बघता, दुसऱ्याच्या सांगण्यावरून नोंद लिहिली ती तेवढीच. ती समोर बसून शेंगा सोलत होती. तिनं बघितलं. आठवं शेपूट जरा वाकडं आलं.

“हे नीट काढा,” ती म्हणाली. “नऊ वाटतोय.”

रविवारी बैठक झाली. चौदा माणसं आली होती. मी टिपण वाचलं. मोठे कलमी पाच, झुपक्याचे सहा, बटण बारमाही, गावठी दोन, वेल एक.

“साबळे,” आगाशे सर म्हणाले, “गेल्या महिन्यात तर तुम्ही वेल शून्य म्हणाला होतात.”

“माझं चुकलं होतं सर. मी त्याला दर दसऱ्याला छाटत होतो. तो जुन्या फांदीवर फुलणारा आहे.”

सरांनी चष्मा काढला. “हे मी शिकवायला हवं होतं,” ते म्हणाले. “मी सगळ्यांना एकच कात्री शिकवली. तुम्हाला कुणी सांगितलं?”

“हिच्या वडिलांनी,” मी म्हणालो.

“कुठले ते? कुठं शिकले?”

“पाचगणीला. चाळीस वर्षं.”

कौसल्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला आणि आत निघून गेली. चहा मी वाटला. कुणाला साखर जास्त, कुणाला कमी, काही कळलं नाही. त्यानंतर सगळे चौदा जण गल्लीनं वळसा घालून घोरपड्यांच्या परसात गेले. हवालदारांनी दारात उभं राहून त्यांना चपला काढायला लावल्या आणि दोघादोघांनी आत सोडलं.

त्या उन्हाळ्यात वेलाची अर्धी पानं गळली. कौसल्या रोज धुण्याचं पाणी बेतानं घालायची. तो जगला. मी परत कात्री लावली नाही, आणि दोन वर्षांनी तो आमच्या बाजूनंही फुलला. कौसल्या तरीही दुपारी मालनताईंकडेच जायची.

“आता इकडेही फुललाय की,” मी म्हणालो.

“इकडे चहा मला करावा लागतो,” ती म्हणाली.

चार वर्षांपूर्वी, श्रावणात, कौसल्या गेली. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी ती नव्हती. त्या दसऱ्याला मी कोणत्याच झाडाला कात्री लावली नाही. वहीही लिहिली नाही. कलमी गुलाब हवे तसे वाढले आणि हवे तेव्हा फुलले. किती वेळा, ते मला माहीत नाही.

फाल्गुनात एका दुपारी मी अंगणात बसलो होतो. भोकातून आवाज आला. हवालदार आता पंच्याऐंशीचे आहेत, पण आवाज पोलिसाचाच आहे.

“साबळे! आला रं!”

मी गल्लीनं गेलो. मालनताईंचे गुडघे गेलेत, त्या खाली बसत नाहीत. त्यांनी सतरंजीवर एक पोळपाट मांडून ठेवला होता. मला वाटलं, सून येणार असेल.

“बसा भाऊ,” त्या म्हणाल्या. “बघत काय राहिलात? लाट्या वाळतील.”

मी बसलो. आता दर फाल्गुनात बसतो, तीन आठवडे. पापड मला गोल येत नाही. हवालदार म्हणतात, हा साताऱ्याचा नकाशा आहे. खाताना ते तक्रार करत नाहीत.

वही मी पुन्हा सुरू केली आहे, पण एकाच रकान्याची. वर्षाला एक ओळ. यंदा तेवीस दिवस.

मुलीनं गेल्या वर्षी कपडे धुवायचं मशीन पाठवलं. रोज फोनवर विचारते, बाबा, वापरता ना? मी हो म्हणतो. त्यावर मी बटण गुलाबाच्या कुंड्या ठेवल्या आहेत. कपडे मी मागे दगडावरच धुतो. कौलं काढून टाकलीत. फांदी आता मनगटाएवढी झाली आहे आणि भोक जवळजवळ भरलंय. साबणाचं पाणी तिच्या कडेनं हळूहळू पलीकडे जातं. ते सगळं जाईपर्यंत मी बसून राहतो. माझे कपडे मोजून चार असतात, घाई नसते.